माजघरातला मिलिवॅट

मसुऱ्यातल्या आमच्या घरात आवाज लपत नाही. भिंती जाड चिऱ्याच्या आहेत, पण वर कौलं, आणि भिंतीचा माथा व कौलं यांच्यामध्ये वारा खेळायला मोकळी जागा. माजघरात भांडं पडलं की खळ्यात कळतं, आणि रात्र असेल तर पलीकडच्या घरातही कळतं. या माजघरात तीन वर्षांपूर्वी मी माझा पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर आणून ठेवला.

डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये तो चादर पांघरून बसलेला असे. गावाला गेलो की मोकळं वाजवू, ही आशा मी कितीतरी वर्षं धरली होती. आंगणेवाडीच्या जत्रेला आलो तेव्हा टेम्पोतून तो बरोबर आणला. आंगणेवाडी मसुऱ्याचीच वाडी. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौल घेऊन ठरते, आणि ती ठरली की चाकरमान्यांची पावलं आपोआप गावाकडे वळतात. जत्रा आटोपल्यावर एका संध्याकाळी ॲम्पचा व्हॉल्यूम अर्ध्यावर नेऊन मी पहिला कॉर्ड वाजवला. जो स्वर इतकी वर्षं फक्त रेकॉर्डवर ऐकला होता, तो समोर उभा राहिला. चार मिनिटं मी खूप सुखी होतो. मग हात थांबवला तेव्हा शेजारचं तान्हं मूल कळवळून रडताना ऐकू आलं. मी ॲम्प बंद केला आणि त्या रात्री पुन्हा लावला नाही.

त्यानंतर मी हिशेब मांडला. तो आधीच मांडायला हवा होता. गिटारच्या बारा इंची स्पीकरची संवेदनशीलता साधारण सत्त्याण्णव ते शंभर डेसिबल असते. म्हणजे फक्त एक वॅट दिला तरी एक मीटरवर तो शंभर डेसिबलच्या आसपास ओरडतो. घरात कुणाला त्रास न होता वाजवायचं तर सत्तर डेसिबल पुष्कळ झाले. शंभरवरून सत्तरवर यायचं म्हणजे शक्ती हजार पटीने कमी करायची. एक वॅटचा हजारावा भाग, एक मिलिवॅट! पन्नास वॅटचं यंत्र माजघरात एका मिलिवॅटवर चालतं. त्यातले मोठे पॉवर व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या, तापतात, नारिंगी उजळतात, पण त्यांच्या वाट्याला काम म्हणून येत नाही. आणि ज्या स्वरासाठी आपण जीव टाकतो, त्यातला मोठा वाटा हे व्हॉल्व्ह त्यांच्या मर्यादेला भिडल्यावर देतात.

पन्नासच्या जागी पंचवीस वॅटचा ॲम्प घेतला तरी फरक जेमतेम तीन डेसिबलचा. कानाला तो कसाबसा कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला शक्ती एक दशांश करावी लागते. म्हणून दुकानात वॅटचा आकडा पाहून घरासाठी ॲम्प निवडणारा माणूस फसतो. मीही तसाच निवडला होता.

हे ॲम्प घरासाठी जन्मलेच नव्हते. लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातून १९६२ साली त्याचा पहिला ॲम्प आला. त्या काळी सभागृहातला लाउडस्पीकर गायकापुरताच असे. ड्रमच्या वर ऐकू यायचं तर गिटारवाल्याला स्वतःच्या खोक्यानेच सभागृह भरावं लागे. म्हणून वॅट वाढत गेले. पण त्याच सुमारास लोकांच्या घरातही व्हॉल्व्ह जळत होते, आणि ते मला जास्त जवळचे आहेत. ईएल ८४ नावाचा बोटाएवढा व्हॉल्व्ह व्हॉक्स कंपनीच्या प्रसिद्ध एसी-३० ॲम्पमध्ये चार-चार बसवलेला असतो. तोच व्हॉल्व्ह घरगुती रेडिओतही आवाजाच्या शेवटच्या टप्प्याला असे. आपल्याकडे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. आजोबांचा रेडिओ ओटीवर होता. बटण फिरवलं की लगेच काही येत नसे. व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागे, मग दुरून चालत आल्यासारखी विविध भारती येई. तो रेडिओ कधीच मोठा लागत नसे. तरीही त्यातला आवाज भरलेला वाटे, आणि तो का वाटे, हे मला फार उशिरा विचारावंसं वाटलं.

व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीपलीकडचा भार आला की तो स्वराची लाट एकदम छाटत नाही, तिचे माथे दाबत, गोलावत जातो. त्या दाबण्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर जन्मतात. आपल्याला हे नवं नाही. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर वेगळ्या वाटेने हेच साधतो. मिरजेत घोडीची पाठ तो कानसेने इतकी नाजूक उतार देत घासतो की तार कंपताना तिला पुसटशी चाटत राहते. खाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरली की एका तारेतून स्वरांचा पिसारा उघडतो. ही श्रीमंती तंबोरा अगदी हलक्या बोटानेही देतो. मला हे सुचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो. मी आजवर समजत होतो की स्वर भरण्यासाठी आवाज मोठा लागतो. खरं तर भार कुठे टाकायचा, एवढाच प्रश्न होता.

त्यावर उपाय आहेत. ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये ॲटेन्युएटर बसवला की व्हॉल्व्ह पूर्ण भाराने चालतात आणि जास्तीची शक्ती उष्णता होऊन जिरते. मी तोही आणला. (एक सूचना कळकळीने करतो: ॲम्पचा ओहमचा आकडा जुळवल्याशिवाय काही जोडू नका, आणि स्पीकर किंवा तसाच भार न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही जीवघेणा दाब राहतो, म्हणून खोकं स्वतः उघडू नका.) व्हॉल्व्ह गायला लागले, तरीही स्वर लहान वाटे, मेल्यासारखा. तीस डेसिबल खाली आणला की स्पीकरचा पडदा जवळपास हलत नाही, आणि मुख्य म्हणजे आपला कानच बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली बेल लॅबमध्ये मोजून दाखवलं की हलक्या आवाजात कानाला खर्ज आणि वरचं टोक दोन्ही कमी ऐकू येतात. जुन्या स्टिरिओवर ‘लाउडनेस’चं बटण असे ते याचसाठी. म्हणजे मोठ्या आवाजात जुळवलेली टोनची बटणं हलक्या आवाजात चुकीचीच असतात.

मला खरी वाट दाखवली ती काकांनी. काका दशावतारात पायपेटी वाजवायचे. रात्रभराचा खेळ, देवळासमोरची मोकळी जागा, आणि त्यांच्या उमेदीत माइकही सगळीकडे नव्हते. त्यामुळे मोठं वाजवणं त्यांना शिकवायला नको. एका रात्री ते माजघराच्या उंबऱ्यावर बसून माझी खटपट पाहत होते. म्हणाले, “झिला, मोठ्यान कोणय वाजवता. हळू वाजवक जास्ती ताकद लागता.” मग त्यांनी पेटी काढायला लावली. हलकं वाजवताना त्यांचा पाय जरा जास्तच जागा होता. पेटीतल्या सूरपट्टीला बोलण्यापुरती हवा लागतेच. त्याहून कमी दिली तर ती मुकी राहते. त्या अगदी कडेवर हवा न थरथरता धरून ठेवायची. पहाटे देवासमोर वाजवायचा सूर आणि खेळातला सूर यांत नुसता लहान-मोठ्याचा फरक नव्हता. ते दोन वेगळे सूर होते, आणि दोन्ही काकांच्या पायात होते.

त्या रात्रीपासून मी सभागृहातला स्वर माजघरात बसवण्याचा नाद सोडला. माजघराचा स्वर शोधायला लागलो. आता पाच वॅटचा छोटा ॲम्प वापरतो, आठ इंची स्पीकरचा. बारा इंचीपेक्षा तो कमी ओरडतो, आणि सहा डेसिबल कमी म्हणजे शक्ती चौथाई केल्यासारखं आहे. एरिक क्लॅप्टनने १९७० साली ‘लैला’ असल्याच फेंडर चॅम्पवर रेकॉर्ड केलं. माझा ॲम्प मी जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, थोडा मागे कलता. आधी त्याचा सगळा आवाज माझ्या पोटऱ्यांना ऐकू जात होता. समोर तीन फुटांवर बसतो, म्हणजे हवेचा थोडासा धक्का तारेपर्यंत परत येतो आणि स्वर टिकतो. खर्ज वाढवला, गेन कमी केला. हलक्या आवाजात तारेवरच्या पिकची खरखर उघडी ऐकू येते, म्हणून हातही बदलावा लागला. त्याला मात्र वर्ष लागलं.

ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र दहाला सुरू होते, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे. मी साडेनऊला थांबतो. शेजारचं ते मूल आता चालतं, संध्याकाळी खळं ओलांडून येतं आणि ॲम्पच्या जाळीला कान लावून बसतं.

तुमच्याही घरात असा एखादा ॲम्प सोसायटीच्या तक्रारीमुळे चादरीखाली गेला असेल, तर तो विकू नका. आधी त्याचा स्पीकर जाणकाराकडून बदलून घ्या, तो कानाच्या उंचीवर ठेवा, आणि टोनची बटणं शून्यापासून पुन्हा जुळवा.