दार उघडलं, तरी दिवा लागेना

गाडीच्या वायरिंगवर लिहा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा डोक्यात एक मारुती ८०० घोळत होती. १९९६ सालची, एका निवृत्त मास्तरांनी जिवापाड जपलेली. डेंटिंग-पेंटिंग करून आणल्यापासून ड्रायव्हरचं दार उघडलं की छतातला दिवा लागेना. गॅरेजने आधी बल्ब बदलला, मग अख्खा दिवा बदलला, शेवटी डोअर स्विचला बॅटरीकडून नवी वायर ओढली. दार उघडताच फ्यूज उडाला, तेव्हा जाड फ्यूज टाकला. माझ्याकडे गाडी आली ती खांबाच्या आतली वायर जळल्यावर.

मी शेजारचं दार उघडलं. दिवा लख्ख लागला. म्हणजे बल्ब, फ्यूज, बॅटरीकडून येणारी वायर, सगळं ठीक. या गाडीत पॉझिटिव्ह दिव्यापाशी कायम हजर असतो. दार उघडलं की चौकटीतलं बटण बाहेर येतं आणि दिव्याची दुसरी वायर बॉडीला जोडतं. स्विच अर्थ देतो, करंट नाही. त्यालाच पॉझिटिव्ह आणून जोडला, तर दार उघडताच सरळ शॉर्ट. अर्थ मिळतो तो स्विच बसवणाऱ्या एका स्क्रूमधून, आणि त्या भोकावर रंगाचे थर चढल्याने तो पत्र्याला कधी टेकायचा, कधी नाही. पॉलिश पेपरने कड चकचकीत पत्र्यापर्यंत घासली, स्क्रू आवळला, दिवा लागला. जळकी वायर काढली. पण ती ज्या जुडग्यात होती, त्यातल्या शेजारच्या वायरींचं कातडं मऊ पडलंय. जुडगा सोडवायला मास्तर तयार नाहीत. ‘दिवा लागतोय ना आता?’ म्हणतात. मला ते खुपतं.

आता टेस्ट लॅम्पबद्दल लिहितोच. नवी मुलं त्याला हसतात आणि मीटर लावतात. बल्ब काढून होल्डरच्या दोन टोकांना मीटर लावला, तर गंजक्या सांध्यातूनही १२.४ व्होल्ट दिसतात, कारण डिजिटल मीटर जवळपास करंट ओढतच नाही. १० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर ओढतो. सांध्यात १० ओहमचा अडथळा असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम सहा-सात व्होल्ट उरतात आणि तो पिवळट मिणमिणतो. टेस्ट लॅम्प स्वतःच बल्ब असल्याने तिथे तोही मंद लागतो आणि दोष उघडा पडतो. मीटर जरूर वापरा, पण दिवा चालू ठेवून. दिव्याचं अर्थाकडचं टोक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थ कच्चा आहे. हे समजावून मी थकलो, तरी पुन्हा सांगेन.

लोकांना वाटतं, एवढ्याशा दिव्याने बॅटरी कशी उतरेल? पण तो दार लावल्यावरही चालूच राहिला, तर ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरीसुद्धा दोन दिवसांत पार झोपते. पावसाळ्यात बटण गंजून बाहेरच अडकतं किंवा दार लागूनही पुरतं दाबलं जात नाही. गिऱ्हाईक नवी बॅटरी घेऊन मोकळं होतं, तीही उतरते. तेव्हा आधी एवढं करा: बाकीची दारं लावून एक दार उघडा आणि बटण बोटाने पुरतं दाबा. दिवा विझला, तर दाराची फट किंवा रबर बघा. नाहीच विझला, तर स्विच बाहेर काढून वायर सोडवा. तरीही लागलेला राहिला, तर बाकीच्या दारांचे स्विचही असेच सोडवून बघा. तेवढ्यानेही विझला नाही, तर वायर कुठेतरी पत्र्याला घासत असावी, आणि गाडी वायरमनकडे न्या.