ऑर्गनची फळी

माझा असा एक अनुभव आहे कीं, ज्या घरांतील कर्त्या पुरुषास सुतारकामाची हौस असते, त्या घरांतील माणसांनीं आपल्या गरजा मोठ्यानें बोलून दाखवूं नयेत. चपला ठेवायला जागा नाहीं, असें कोणी सहज म्हणावें आणि आठ दिवसांनीं दारांत असें कांहीं लांकडी धूड उभें राहावें कीं, चपलांची सोय होते, पण माणसांना आंत शिरतां येत नाहीं. आमच्या कर्जतच्या घरांत अशीं दोन-तीन धुडें आजहि उभीं आहेत. हें ठाऊक असूनहि गेल्या ज्येष्ठांत आमच्या कन्येच्या तोंडून एक वाक्य निसटलें. ती म्हणाली, "बाबा, मला एक पेडलबोर्ड हवा होता, पण तयार बोर्ड फार महाग पडतो."

पेडलबोर्ड हा शब्द मीं तोंवर ऐकला नव्हता. मुलगी विजेची गिटार वाजवते, हें मात्र मला ठाऊक होतें. किंबहुना आमच्या आळींत तें कोणास ठाऊक नाहीं असें नाहीं. तिच्या पायाशीं धातूच्या पांच लहान पेट्या पसरलेल्या असत आणि त्यांच्यामधून वायरींचें असें जाळें गेलेलें असे कीं, केरसुणी घेऊन त्या खोलींत जाणें हिनें केव्हांच सोडून दिलें होतें. मीं चौकशी आरंभिली. शिक्षकाचा धंदा सुटला तरी प्रश्न विचारण्याची खोड सुटत नाहीं.

तेव्हां कळलें तें असें. गिटारची तार छेडली कीं तिच्याखालचें लोहचुंबक आणि वेटोळें यांच्या योगानें त्या कंपनाची वीज होते, आणि ही वीज कर्ण्यापर्यंत जातांना वाटेंत या पेट्यांतून जाते. प्रत्येक पेटी तिच्यांत आपापली भर घालते. एक पेटी स्वच्छ स्वर खरखरीत करते. तिला डिस्टॉर्शन म्हणतात. दुसरी, कोरस नांवाची, एकच गिटार वाजत असतां दोघे-तिघे वाजवीत असल्याचा भास करते. तिसरी डिले, ती वाजविलेला स्वर थोड्या वेळानें परत करते. आवाज सेकंदाला सुमारें ३४० मीटर धांवतो. म्हणजे अर्ध्या सेकंदानें परत येणारा प्रतिध्वनि हवा असेल तर ८५ मीटरांवर एखादा कडा उभा पाहिजे. आम्हां घाटाखालच्या लोकांना कड्यांची वाण नाहीं, पण मुंबईच्या दिवाणखान्यांत तो कोठून आणावा? तो या पेटींत मिळतो. चौथी रिव्हर्ब, कोंढाण्याच्या लेण्यांतील चैत्यगृहांत हांक मारावी आणि दगडानें ती क्षणभर धरून ठेवावी, तसें ही करते. पांचवी पेटी पावलाच्या आकाराची. तिच्यावर पाय ठेवून पुढेंमागें डोलविला कीं, तोंडाची उघडमीट करणाऱ्या तान्ह्या मुलासारखी गिटार 'वा-वा' असें बोलूं लागते. या पेट्यांना क्रमहि असतो. खरखर आधीं, प्रतिध्वनि मागाहून. आधीं फोडणी आणि मग पाणी. उलट केलें कीं स्वर आणि त्याचा प्रतिध्वनि एकत्र भरडले जातात. वाजवितांना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून हा सारा कारभार पायांनीं चालवावयाचा. आणि रोज जोडाजोड करावी लागूं नये म्हणून पांचहि पेट्या क्रमवार एका फळीवर बसवून टाकावयाच्या. ती फळी म्हणजेच पेडलबोर्ड.

"पायांनीं?" मीं विचारलें. संगीत आणि पाय यांचा संबंध मला तितकासा रुचला नाहीं.

हिनें स्वयंपाकघरांतून विचारलें, "मग तुमचे आजोबा काय करीत होते?"

मी गप्प बसलों. माझे मातामह ऑर्गन वाजवीत असत. खालापूर तालुक्यांत, महडच्या वरदविनायकाजवळ माझें आजोळ. १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिच्या वैभवाच्या काळांत ऑर्गनच्या सुरांनीं साऱ्या महाराष्ट्राचे कान भरून गेले. ते सूर आजोबांच्या कानांतून कधीं गेलेच नाहींत. गांवच्या उत्सवांत नाटक झालें कीं, दोन्ही पायांनीं भाता हालवीत आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवून ते पहांटेपर्यंत साथ करीत. पुढें कन्येनें मला आणखी एक माहिती पुरविली. तिची ती 'वा-वा' पेटी १९६६ सालीं कॅलिफोर्नियांत प्रथम तयार झाली, ती थॉमस ऑर्गन या कंपनींत. आणि तिचें पहिलें यंत्र बसविलें होतें तें एका ऑर्गनच्याच पायपट्टींत! म्हणजे नात जें वाजवीत होती, त्याचें आणि पणजोबांचें दूरचें कां होईना, पण नातें होतें.

आजोबांचा ऑर्गन आजोळच्या पडवींत पडलेला होता. कर्जतहून खोपोलीस जाणारी आमची लहानशी आगगाडी पळसदरी, केळवली, लौजी असें करीत डोंगराच्या पायथ्यानें जाते. खोपोलीस उतरलें कीं घाटावरून खालीं आलेले प्रचंड नळ दिसतात. लोणावळ्याकडे अडविलेलें पाणी सुमारें ५०० मीटर खालीं उतरवून टाटांनीं येथें १९१५ सालीं वीज काढली आणि ती मुंबईच्या गिरण्यांना दिली. पाणी आपलें काम आटोपून निमूटपणें पाताळगंगेस मिळतें. आमच्या या मुलखांत जें जें उंचावर सांठतें, तें असें मुंबईच्या कामीं यायचें, हा शंभर वर्षांचा रिवाज आहे.

ऑर्गनचा भाता उंदरांनीं आणि पाय वाळवीनें खाल्ले होते. झांकणाची सागवानी फळी मात्र जशीच्या तशी होती. ती पोत्यांत गुंडाळून मीं घरीं आणली. रंधा मारल्यावर तिचा रंग मधासारखा निघाला. फळीच्या आंतल्या अंगास शिसपेन्सिलीनें लिहिलेलीं आजोबांच्या हातचीं दोन अक्षरें सांपडलीं: 'काळी एक'. कोणा गाणाऱ्याची ती पट्टी असावी. मीं ती बाजू न घांसतां तशीच ठेवली.

आतां विजेचा प्रश्न. या पेट्यांना ९ व्होल्ट लागतात, आणि त्यांची रीत थोडी उलटी: पिनेच्या मध्यभागीं ऋण व बाहेर धन. विकतचा सप्लाय आणणें माझ्या पदवीस कमीपणा आणणारें होतें. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर आणि ७८०९ क्रमांकाचा रेग्युलेटर असा सरंजाम लॅमिंग्टन रोडवरून कन्येकरवीं मागविला आणि सगळें एका डब्यांत बसवून तो डबा फळीखालीं स्क्रूनें आवळला. पेट्यांच्या बुडाला व्हेल्क्रोची मऊ पट्टी आणि फळीला खरखरीत पट्टी चिकटविली. एकंदर खर्च झाला ६४० रुपये. मोठ्या थाटानें मीं बटण दाबलें, आणि गिटारला हात लागण्यापूर्वींच कर्ण्यांतून भुंग्यासारखा घोर नाद निघूं लागला.

दोन दिवस मीं प्रत्येक सांधा पुन्हां डाखून पाहिला. नाद हटेना. तिसऱ्या दिवशीं कन्येनें सहज ती 'वा-वा' पेटी उचलून हातांत घेतली, आणि नाद थांबला. खालीं ठेवली, कीं पुन्हां सुरू! त्या पेटींत तारेचें एक वेटोळें असतें. आणि मीं माझा ट्रान्सफॉर्मर नेमका त्याच्याखालीं बसविला होता. घरांतली वीज सेकंदाला ५० आंदोलनें घेते. तीं ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकक्षेत्रांतून वेटोळ्यांत शिरत होतीं. फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेला हा नियम मीं तीस वर्षें शाळेंत फळ्यावर लिहून शिकविला. परंतु फळ्यावर लिहिणें निराळें आणि फळीवर बसविणें निराळें. डबा दुसऱ्या टोंकाला नेला आणि शांतता झाली.

काम पुरें झालें. ६० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, चारी कोपऱ्यांना लोखंडी नाल, खालीं रबरी पाय: शंभर वर्षें हलणार नाहीं अशी ती वस्तु होती. कन्येनें ती उचलली, खांद्याला गिटार लावली आणि फाटकापर्यंत जाऊन परत आली. मग ती खालीं ठेवून म्हणाली, "बाबा, सात-साडेसात किलो तरी असेल."

"सागवान आहे तें," मीं म्हटलें.

"हो, पण मला लोकलमध्यें चढायचें असतें."

ती नोकरीनिमित्त श्रावणापासून मुंबईस बिऱ्हाड करणार, हें घरांत ठरलें होतें. संध्याकाळीं मैत्रिणींबरोबर वाजवायचें, तर आज दादर, उद्यां ठाणें असें हिंडणें आलें. कर्जतहून सुटणाऱ्या गाडींत बसायला तरी मिळतें. तिकडे उभें राहण्याचीहि मारामार. मला हें सारें ठाऊक होतें. फक्त त्याविषयीं मी बोलत नव्हतों.

तिनें फळीवरून हात फिरवीत विचारलें, "हें माप कुठलें घेतलेंत?"

मीं खरें तें सांगितलें. तिच्या खोलींत पलंग आणि खिडकी यांच्यामध्यें जेवढी मोकळी जागा आहे, तेवढें तें माप होतें. ती कांहीं बोलली नाहीं. मीहि बोललों नाहीं. हातून सुटणारी वस्तु घट्ट धरण्यासाठीं माणूस काय काय करतो! कोणी रागावतो, कोणी आजारी पडतो; मीं सागवानाला लोखंडी नाल ठोकले होते.

रात्रीं जेवणें झाल्यावर मीच करवत काढली. तिनें फळी दाबून धरली. खरी सोयीची रचना तिनें मला आधींच कागदावर काढून दाखविली होती. ती मीं पाहिली न पाहिलीशी केली होती. अखंड फळी लागतच नाहीं. सात-सात सेंटिमीटरांच्या तीन पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्यें दोन बोटें फट, आणि बाजूंना मागें उंच होत गेलेले दोन उतरते तुकडे, एवढें पुरे. फटींतून वायरी खालीं जातात, मागची पेटी पायाला सहज सांपडते, आणि वजन निम्म्याच्या आसपास येतें. पहिली रेघ आजोबांच्या अक्षरांवरून जात होती. ती आम्हीं अंगुळभर सरकविली. 'काळी एक' आतां मधल्या पट्टीच्या पोटाशीं आहे. नाल काढले. लांबी ५० सेंटिमीटर केली. त्या खोलींतल्या जागेंत आतां ती फळी ठेवली तर दहा सेंटिमीटर रिकामे राहतील; पण तेथें ती ठेवायची नव्हतीच.

श्रावणांत ती गेली. मी स्टेशनवर पोंचवायला गेलों होतों. एका हातांत तिनें ती पिशवी सहज धरलेली पाहून मला बरें वाटलें, आणि थोडें वाईटहि वाटलें. शेजारच्या फलाटावर पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला घाट चढण्यासाठीं मागून इंजिनें जोडणें चाललें होतें. वर जाणाऱ्या गाडीला मागून जोर लावावा लागतो. खालीं जाणारीला कोणी लोटावें लागत नाहीं.

पंधरा दिवसांनीं तिचा फोन आला. कार्यक्रम चांगला झाला होता, नाद मुळींच आला नव्हता, आणि कोणी तरी हा बोर्ड कोठून घेतलास म्हणून विचारलें होतें. शेवटीं ती म्हणाली, "पण बाबा, मधल्या पट्टीचा एक स्क्रू ढिला झाला आहे. काय करूं?"

स्क्रूखालीं स्प्रिंग वॉशर घालायला मी विसरलों होतों. दुकानांत तो दोन रुपयांस मिळतो आणि कोणासहि दोन मिनिटांत बसवितां येतो. मी हें फोनवर सांगूं शकलों असतों.

"तूं त्याला हात लावूं नकोस," मीं म्हटलें. "रविवारीं घेऊन ये. मला तो पाहावा लागेल."