हिरव्या रंगाचे सहा महिने

वर्ष नेमकं कधी सुरू होतं, यावर बीड जिल्ह्यातल्या तेलगावात एकमत व्हायचं नाही. पंचांग पाडव्याचं नाव घेईल. कोरडवाहू शेतकऱ्याचं वर्ष मृगाला उजाडतं. ऊसतोड्याचं दसऱ्याला, मुकादमाची उचल घेऊन बिऱ्हाड गाडीत चढलं की. कारखान्याचं वर्ष बॉयलर पेटून गव्हाणीत पहिली मोळी पडली की. या वर्षांच्या रांगेत मी आणखी एक वर्ष उभं करून बघतो. ते सुरू होतं ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी. हे ख्रिस्ती उपासनेचं वर्ष.

त्याचा पहिला ऋतू आगमनकाळ. चार रविवार, दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते. वेदीवर जांभळं वस्त्र. युरोपात हे दिवस काळोखाचे, दुपारी चारला दिवे लावण्याचे. बीड-परळी रस्त्यावर मात्र तेव्हा लख्ख ऊन असतं. ज्वारी हुरड्याकडे झुकलेली, हवेत मळीचा आंबूस वास, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी मुंगीच्या चालीनं सरकत असते. गावोगावची घरं मात्र अर्धी रिकामी; म्हातारी माणसं आणि कुलपं मागे. कोयता पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, फडावर पोचलेला. दूरच्या चर्चमध्ये येशूजन्माचा गोठ्याचा देखावा मांडतात, त्यातली गव्हाण बऱ्याच ठिकाणी २४ डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवतात. सरकारी शिरगणतीसाठी दिवस भरलेल्या बायकोला घेऊन निघालेला सुतार, कुठेच न मिळालेली जागा, जनावरांत झालेलं बाळंतपण. उसाच्या पाचटावर बाळंत झालेल्या बाईला ही गोष्ट कुणी समजावून सांगायला नको. ती ख्रिस्ती नसली तरीही.

नाताळ झाला की बहुतेकांच्या लेखी ख्रिस्ती सण संपतात. खरं वर्ष तर पुढेच आहे.

फेब्रुवारी-मार्चात राखेचा बुधवार येतो. मागच्या वर्षी ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी हातात धरलेल्या फांद्या जाळायच्या आणि ती राख कपाळाला लावून घ्यायची: माणसा, तू माती आहेस. तो बहुधा महाशिवरात्रीच्या आगेमागे पडतो. २०२६ साली दोहोंत तीनच दिवसांचं अंतर होतं. परळीचा वैजनाथ हाकेच्या अंतरावर असलेल्या मुलखात कपाळावरच्या राखेचं कुणाला नवल वाटावं? पुढे रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. हाच काळ विहिरींनी तळ दाखवण्याचा. पळस फुलतो, लिंबाची पानं झडतात, आणि मराठवाड्यातलं शिवार सक्तीचा उपास धरतं.

ईस्टरची तारीख दरसाल का हलते, हे दुसऱ्यांना कोडं वाटेल. तिथी पाहून सण करणाऱ्यांना वाटू नये. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, असा हा हिशेब. सर्वांनी तो एकाच रविवारी पाळावा, असं इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत ठरलं. या हिशेबामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान फिरत राहतो. बऱ्याचदा तो चैत्री पौर्णिमेचा, म्हणजे हनुमान जयंतीचा हात धरून येतो. २०२६ साली जयंती २ एप्रिलला, ईस्टर ५ ला. २०२४ साली मात्र तो होळीमागोमाग ३१ मार्चलाच येऊन गेला. चंद्र दोघांचाही एकच. या सुमारास कोयताही गावी परततो. ईस्टरआधीच्या उत्तम शुक्रवारी लोक तासन्‌तास क्रुसापाशी बसतात आणि रविवारी पहाटे अनेक गावांत कबरींपाशी जाऊन प्रार्थना म्हणतात. इकडे कुलपं निघतात, अंगणात सडे पडतात, उचल फिटली की अंगावर राहिली याचे हिशेब होतात.

ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. बायबलातल्या कथेत सोसाट्याचा वारा येतो आणि येशूच्या शिष्यांच्या माथ्यावर अग्नीच्या जिभा उतरतात. वेदीवर लाल वस्त्र चढतं. हा दिवस १० मे ते १३ जूनच्या दरम्यान पडतो. रोहिणीतली वावटळ आणि तापून भेगाळलेली जमीन पाहिलेल्याला वारा आणि आग यांची जोडी ओळखीची वाटते.

त्यानंतर जे येतं ते मला सगळ्यांत आवडतं. सामान्यकाळ. सणांची गर्दी नाही, मोठा उपास नाही. वस्त्राचा रंग हिरवा, आणि तो जवळजवळ सहा महिने, थेट पुढच्या आगमनकाळापर्यंत. हा रंग ठरवणाऱ्यांनी मृग पाहिला नव्हता, सोयाबीन-कापसाची नावं ऐकली नव्हती. तरी त्यांचा हिरवा महिना न्‌ महिना आमच्या खरिपाला जुळतो. पेरणी, कोळपणी, फवारणी, काढणी: साध्या कामांचे दिवस. पाऊस दगा देतो तेव्हा शिवार करपतं आणि हिरवं फक्त वेदीवर उरतं, हेही खरं.

या हिरव्यातच ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन येतो, आणि त्याला धरून श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात मतमाउलीची यात्रा भरते. हरेगावही जुन्या साखर कारखान्याचंच गाव. लोक पायी येतात, नवस फेडतात. त्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. पुढे २ नोव्हेंबरला, दिवाळीच्या आगेमागे, कबरींवर मेणबत्त्या लागतात आणि वर्ष मिटत येतं.

१८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजनं लिहिली आणि मराठी चर्चला मराठी सूर दिला. उपासनेच्या या वर्षाला मराठी हवा देण्याचं काम मात्र कुणा कवीला करावं लागलं नाही. ते इथल्या उन्हानं आणि पावसानं परस्पर केलं. पाहुणं म्हणून आलेलं हे वर्ष कधीच या मातीतलं झालं आहे. कमी पडते ती आपली ओळख.

म्हणून एवढंच सांगणं: ख्रिस्ती शेजाऱ्याकडे नाताळचा केक खायला आपण जातोच. यंदा ईस्टरलाही जा. आणि पावसाळ्यातल्या एखाद्या साध्या रविवारी, सण नसताना, नुसते जाऊन बसा.