अंतर आणि वेळ

"रायपूर ते सॅन फ्रान्सिस्को किती किलोमीटर गं?" परवा सकाळी चहा घेताना बाबांनी विचारलं. मी बघून सांगितलं, सुमारे १३,०००. ताशी ९००च्या वेगानं विमान थेट गेलं तर साडेचौदा तास.

"अंतर विचारलं. वेळ कुणी विचारली?"

बाबांचा जन्म रेल्वेत गेला. त्यांच्या लेखी अंतर आणि वेळ हे दोन वेगळे रकाने.

आहेतच. १३,००० किलोमीटरची ती सर्वांत जवळची वाट पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघावी. रायपूरहून उत्तरेला चीन, सैबेरिया, मग आर्क्टिक वृत्त ओलांडून अलास्कावरून ती खाली उतरते. त्या वाटेनं रायपूरहून कुठलंच विमान जात नाही. आधी दिल्ली किंवा मुंबई गाठावी लागते. २०१६ साली एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनं वाढली, वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण वारा पाठीमागून होता.

मानाच्या आमच्या विमानतळाला विवेकानंदांचं नाव आहे. १८७७ साली ते लहानपणी रायपूरला आले, तेव्हा इथं रेल्वेही नव्हती. शेवटची वाट बैलगाडीची.

चार वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा दादाला घराचं दार लावल्यापासून आमचं दार गाठेपर्यंत ४१ तास लागले. दिल्लीत धुकं होतं, पुढचं विमान हुकलं. तोवर आई बैठकीच्या खोलीत बर्फाच्या पेटीत. नागपूरचे मामा आले, बसले, घड्याळ बघत राहिले. दादा आला, आईच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "एवढी गार का?" कुणीच काही बोललं नाही.

बाबांनी कप खाली ठेवला. "माझ्या वेळी थांबू नका. अग्नी तू दे."

"आणि दादाला काय सांगू?"

"भाषांतर करतेस ना? सांग नीट."

वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेते आहे. हे वाक्य मराठीतून मराठीत न्यायचं होतं, तरी दिवसभर जमेना. 'तुझी वाट बघणार नाही' म्हटलं तर तो राग वाटतो. 'येऊ नकोस' तर बाबा म्हणालेच नव्हते. 'अग्नी मी देणार' यात त्याला आपला हक्क गेल्यासारखं वाटेल. आणि खरं सांगायचं तर, ते ऐकल्यावर मला आधी बरं वाटलं होतं, रडू नंतर आलं. तेही वाक्यात दिसता कामा नये.

रात्री साडेनऊला फोन केला. त्याच्याकडे सकाळचे नऊ. शेवटी बाबांचे शब्द होते तसेच सांगितले, एकही न बदलता.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईच्या वेळचं त्यांच्या डोक्यात आहे ना?"

"हो."

"दिवाळीला येणार होतो. आता पुढच्या महिन्यातच येतो."

सकाळी बाबांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं, चष्मा काढला. या वेळी किलोमीटर विचारले नाहीत.

"किती वाजता पोहोचेल?"