ऊन पाणी

अलिबागजवळच्या आमच्या गावापासून उन्हेरे फार लांब नाही. पोयनाड, वडखळ, नागोठणे असे करीत वाकण फाट्याला वळले, की पाली येते आणि पालीपासून दोन-तीन किलोमीटरवर ही ऊन पाण्याची कुंडे. भल्या सकाळी निघालेला माणूस न्हाऊन, देवदर्शन करून, दिवस मावळायच्या आत घरी परतू शकेल एवढेच अंतर. ते कापायला आम्हांला सतरा वर्षे लागली.

आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाची ती आई आणि दुसरीची सासू; घरात दोघेही तिला आईच म्हणतो. आईचे माहेर नागोठण्याच्या बाजूचे. लहानपणी भाताची झोडणी आटोपली, की तिची आजी तिला बैलगाडीतून उन्हेऱ्याला न्यायची. आजीला वाताचा त्रास होता. रात्री देवळाशी मुक्काम, पहाटे कुंडात न्हाणे, मग बांधून आणलेल्या भाकऱ्या, आणि परत. आईने हे वर्णन आम्हांला इतक्या वेळा ऐकवले होते, की त्यातला कोणता तपशील कधी येणार हे आम्हांला पाठ झाले होते. वर्णनाच्या शेवटी ठरलेले वाक्य यायचे : “एकदा मला तिथे घेऊन चला रे.”

आम्ही नाही म्हणालो, असे कधीच झाले नाही. आम्ही समजावत गेलो. त्या पाण्यात दैवी असे काही नाही, ते भूगर्भातल्या उष्णतेने तापलेले पाणी आहे, त्यातल्या क्षारांनी सांधे बरे होतात याला भक्कम पुरावा नाही, आणि गरमच पाणी हवे तर आपल्या न्हाणीघरात गिझर आहे. एकदा तर आम्ही तिला एका मासिकातला लेखच वाचून दाखवला. तिने तो नीट ऐकून घेतला आणि विचारले, “मग कधी जायचं?” आम्ही हसलो. तिच्या भोळेपणाला हसलो, असे तेव्हा वाटले होते. ती पाण्यात काय आहे हे विचारतच नव्हती, हे आमच्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

गेल्या जानेवारीत भूगोल विभागाची अभ्यास सहल उन्हेऱ्याला निघाली. बसमध्ये जागा होती, म्हणून आमच्या एम. ए.च्या विद्यार्थ्यांनाही न्यायचे ठरले. सहलीचे वाटाडे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. विद्यार्थी, सहकारी, शिपाई सगळेच त्यांना ‘सर’ म्हणतात, तसेच येथेही म्हणू. त्यांनीच म्हटले, “आईंनाही घ्या की.” सबब सांगायला आमच्याकडे काही उरले नव्हते.

धरमतरच्या पुलावर सरांनी बस थांबवून सर्वांना खाली उतरवले. खाली खाडी, दोन्ही अंगांना खारफुटी, पलीकडे बांध घालून राखलेली खारजमीन. “आपण आता अंबा नदीच्या मुखापासून तिच्या माहेराकडे चाललो आहोत,” असे सर म्हणाले, आणि भूगोलाच्या माणसाला हे वाक्य सुचावे याचा आम्हांला, खरे सांगायचे तर, थोडा हेवा वाटला. नागोठणे सोडल्यावर रान बदलत गेले. कापलेल्या भाताची खुरटे आणि त्यांच्यातच जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाढलेला कडवा वाल. पाली जवळ आल्यावर सरसगडाचा सुळका दिसू लागला. गावातले लोक त्याला पगडीचा किल्ला म्हणतात. एकदा हे कळले, की तो दुसऱ्या कशासारखा दिसेनासा होतो. बल्लाळेश्वराच्या देवळाशी अष्टविनायकाच्या यात्रेकरूंच्या गाड्यांची रीघ लागली होती. आम्ही दर्शन घेऊन पुढे निघालो. आई मात्र खिडकीला नाक लावून बसली होती आणि तिच्या ओळखीचे तिला काहीच दिसत नव्हते.

कुंडांपाशी सरांनी छोटे व्याख्यान दिले. ते इतके नेटके होते, की त्याचा सारांश येथे देणे अस्थानी होणार नाही. आपल्या किनारपट्टीत, सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, उत्तरेकडच्या अकलोली-गणेशपुरीपासून दक्षिणेकडे राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरांत असे झरे ओळीने आहेत. महाडजवळचे सव, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातले उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी ही त्याच माळेतली नावे. खेडजवळच्या उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या आसपास, हात घालवणार नाही असे. इतरत्र ते सोसवेल इतके. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, हे खरे. पण या झऱ्यांची ऊब त्या लाव्ह्याची नव्हे. तो केव्हाच निवला. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोल उतरते. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारणपणे पंचवीस-तीस अंशांनी वाढते. खाली तापलेले पाणी दुसऱ्या एखाद्या भेगेची वाट सापडली, की पुन्हा वर येते आणि येताना खडकांतले क्षार घेऊन येते. “म्हणजे हा आपलाच पाऊस आहे,” सर म्हणाले, “फक्त लांबून आलेला.” वज्रेश्वरीला हीच कुंडे देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्ताने तापली असे सांगतात, हेही त्यांनी सांगितले, आणि त्या कथेला ते हसले नाहीत.

आईने सगळे ऐकले. मग तिने विचारले, “ते पाणी आत किती वर्षं असतं हो?”

सर क्षणभर थांबले. हा प्रश्न वर्गात त्यांना क्वचितच कुणी विचारला असावा. “नक्की सांगता येणार नाही, आई. पण आज पडला आणि उद्या वर आला, असं नाही. कदाचित तुमच्या लहानपणी पडलेला पाऊस असेल. कदाचित तुमच्या आजीच्या.”

आई “हं” म्हणाली आणि कुंडाकडे पाहत राहिली. सतरा वर्षे आम्ही तिला जे समजावत होतो, तेच सरांनी सांगितले होते. फरक इतकाच, की त्यांनी ते तिला पाण्याच्या काठावर उभे करून सांगितले होते.

बायकांची न्हायची सोय वेगळी होती. मुली तिकडे गेल्या, आमच्यातली एक आईचा हात धरून गेली. आणि तिथे सगळे अडले. कुंडात उतरायच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या; आईचे दोन्ही गुडघे गेली तीन वर्षे जवळजवळ वाकत नाहीत. एक पायरी उतरली, दुसरीवर पाऊल टाकताना तिचा तोल गेला, दोघी मुलींनी तिला सावरले. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. “राहू दे,” म्हणाली. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. तिच्या त्या दोन शब्दांपुढे आम्हांला उभे राहवेना. सात वर्षांपूर्वी ती या पायऱ्या सहज उतरली असती. दहा वर्षांपूर्वी तर तिनेच आमचा हात धरला असता.

बाहेर झाडाखाली तिला खुर्ची दिली. एका विद्यार्थिनीने बादलीभर पाणी आणले आणि आईचे पाय त्यात ठेवले. जानेवारीची हवा, बादलीतले पाणी निवायला कितीसा वेळ लागणार? थोड्या वेळाने आई म्हणाली, “हे निवलं. ऊन आण गो जरा.”

मुलीने तत्परतेने दुसऱ्या मुलीला हाक मारली, आणि दोघींनी मिळून आईला खुर्चीसकट उचलून सावलीतून उन्हात नेऊन ठेवले.

आई आधी गोंधळली, मग हसू लागली. इतकी हसली, की तिचा पदर डोळ्यांना लागला. मुलींना काय चुकले ते कळेना. “अगं, ऊन म्हणजे ऊन पाणी!” आम्ही सांगितले. “ऊन पाणी असं पण म्हणतात?” त्यातल्या एकीने विचारले. ती एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, वर्गात पहिली आहे.

येथे आमच्याविषयीच काही सांगणे भाग आहे. भाषाशास्त्राच्या पेपरात आम्ही दरवर्षी फळ्यावर एक नियम लिहितो : संस्कृतातला उष्मवर्ण आणि त्यापुढचे अनुनासिक यांचे प्राकृतात अनुनासिक आणि ‘ह’ होते. उष्ण, उण्ह, ऊन. स्नान, ण्हाण, न्हाणे. तृष्णा, तण्हा, तहान. कृष्ण, कण्ह, कान्हा. विद्यार्थी हे उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. त्या मुलीनेही लिहिले असणार आणि तिला पैकीच्या पैकी गुण आम्हीच दिले असणार. पण ‘ऊन’ हा शब्द तिच्यापुरता आभाळातून पडणाऱ्या प्रकाशाएवढाच उरला होता. बोलताना आपण ‘ऊन’ म्हणतो तेव्हा त्यातला ‘ह’ गळालेला असतो. ‘उन्हात’ म्हटले, की तो परत येतो. आणि उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे या गावांनी तर तो नावातच जपून ठेवला आहे. त्या गावाच्या पाटीखाली उभे राहूनही आम्हांला हे विद्यार्थ्यांना दाखवावेसे सुचले नव्हते. आम्ही नियम आधी दिला होता, शब्द नंतर येईल अशा भरवशावर. आईच्या बाबतीतही आम्ही तेच केले होते. स्पष्टीकरण आधी, पाणी नंतर.

आणि स्पष्टीकरण तरी कुठे पुरते होते? गरम पाण्यात आखडलेले सांधे काही काळ सैलावतात, हे वैद्यकशास्त्रही नाकारत नाही. आईच्या आजीचा वात बरा झाला नसेल, पण त्या पहाटे तिला बरे वाटले असेल. ‘बरे होणे’ आणि ‘बरे वाटणे’ या दोहोंतला फरक मराठीच्या शिक्षकांनी तरी विसरायला नको होता.

कुंडाचे जास्तीचे पाणी एका पाटाने बाहेर वाहत होते. ते सरांनी हेरले. पाटाच्या कडेला सपाट दगड होता. तिथे आईला बसवले, लुगड्याचा काठ घोट्यांच्या वर घेतला, आणि तिने पाय वाहत्या पाण्यात सोडले. येथे पाणी निवत नव्हते, कारण मागून येतच होते. ती बराच वेळ बसली. मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. तिने त्यांना बैलगाडीची गोष्ट सांगितली, आम्हांला पाठ असलेलीच. फक्त एक तपशील नवा होता. परतताना आजी तिला सांगायची, की आता तू मोठी झालीस की मला आणायचं. “पण मी मोठी होईस्तो ती राहिली नाही,” आई म्हणाली. हे तिने आम्हांला इतक्या वर्षांत एकदाही सांगितले नव्हते. कदाचित सांगण्यासाठी ते पाणी पायांखाली असावे लागत असेल. किंवा आम्ही नीट ऐकत नसू. दुसरी शक्यता अधिक.

संध्याकाळी परतीच्या वाटेवर सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने शेतात पोपटी लावली होती. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे घालून तोंड बंद केलेले मडके उपडे ठेवून त्यावर जाळ. मडके फोडले तेव्हा वास शेतभर पसरला. आईने चार शेंगा खाल्ल्या आणि बसमध्ये बसताच ती झोपली.

पुढच्या आठवड्यात वर्गात ध्वनिपरिवर्तनाचा तोच भाग आला. फळ्यावर ‘उष्ण’ लिहून त्यापुढे बाण काढला, तेवढ्यात मागच्या बाकावरून हसू फुटले. सहलीला न आलेल्यांनी कारण विचारले. मग खुर्ची, बादली, ऊन, सगळे सांगावे लागले; त्या मुलीनेच सांगितले, स्वतःच्या फजितीसकट. तास संपला, बाण तसाच राहिला. त्या दिवशीचा अभ्यासक्रम मागे पडला तो पडलाच.

आईने अजून पुन्हा ‘घेऊन चला’ म्हटलेले नाही. या वेळी तिने म्हणायची वाट पाहायची नाही, असे आम्ही ठरवले आहे. पाटाकाठचा तो दगड कुठे आहे, हे आता आम्हांला ठाऊक आहे. असो.