मेणाचा ठोकळा

परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावचा रुग्ण आला की विचारणा होतेच, "स्लाइड, ब्लॉक आणलेत का?" नातेवाईक पिशवी चाचपतो आणि रिपोर्टांच्या चळतीतून तो निघतो. पांढुरक्या मेणाचा ठोकळा, प्लॅस्टिकच्या जाळीदार कॅसेटला चिकटलेला, कडेला नंबर. मेणात रुतलेला नखाएवढा तपकिरी डाग म्हणजे गाठीचा तुकडा.

मोठा चिवट गडी. फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, अल्कोहोलमध्ये पाणी सोडतो, झायलीनमधून निघून साठेक अंशांच्या मेणात बुडतो आणि मग साध्या कपाटात वर्षानुवर्षे टिकतो. उणे 80 अंशांच्या फ्रीजरचे लाड त्याला लागत नाहीत. पण फॉर्मॅलिन त्याच्या डीएनएचे तुकडे पाडते, कुठे सायटोसिनच्या जागी थायमिन भासवते. त्यामुळे संशोधकांना त्याची साक्ष पारखूनच घ्यावी लागते.

संशोधकाकडे बहुधा त्याचे काप जातात. मायक्रोटोमच्या पात्याखालून चार मायक्रॉनचे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप एकाला एक जोडून पट्टीसारखे निघतात, कोमट पाण्यावर पसरतात आणि तंत्रज्ञ ते अलगद स्लाइडवर उचलतो. ठोकळा यंत्रावर पुन्हा चढवला, तर पृष्ठभाग सपाट करण्यातच थोडे ऊतक वाया जाते. म्हणून जाणता तंत्रज्ञ लागणारे सगळे काप एकाच बैठकीत काढून घेतो. सुईने काढलेल्या बायोप्सीत तर मुळातच ऐवज थोडा. फुफ्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर, एएलके अशा जनुकांच्या चाचण्या करता करताच तो संपत येतो.

संशोधनाला जाणाऱ्या स्लाइडवर रुग्णाचे नाव नसते, संकेतांक असतो. ती देण्यामागे रुग्णाची संमती आणि नैतिकता समितीची मंजुरी हवी. संमतीची सही ऑपरेशनच्या धांदलीत इतर कागदांबरोबर उरकून घेतात, ते मला मुळीच पटत नाही. गालातली गाठ काढायला आलेल्या माणसाला शेजारी बसून, त्याच्या भाषेत सांगायला हवे की उरलेल्या तुकड्यावर अभ्यास होईल, आणि नाही म्हटले तरी उपचारांत फरक पडणार नाही.

शिवाय, शेवटचा काप संशोधनाला देऊ नये. पाच वर्षांनी आजार उलटला आणि तेव्हाचे नवे औषध लागू पडेल का हे जुन्या गाठीवर तपासायचे ठरले, तर कपाटातल्या त्या नंबराच्या ठोकळ्यात तपासण्याजोगा तुकडा शिल्लक असायलाच हवा.