वरातीमागचा घोडा

काही कामे अशी असतात, की ती चालू असताना वाटेने जाणारा माणूस थांबल्यावाचून राहत नाही. विहिरीचे खोदकाम हे त्यांतले एक. जुने घर उतरवणे हे दुसरे. पण आमच्या गावात अलीकडे या दोहोंवर ताण करणारे एक काम आले आहे. ४० फुटी कंटेनरचा ट्रेलर अरुंद गल्लीतून मागे मागे घेऊन शीतगृहाच्या दाराला नेमका लावणे, हे ते काम.

आमचे गाव निफाड तालुक्यातले, द्राक्षांवर जगणारे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत परदेशी जाणारा माल खुडतात, निवडतात, डब्यांत भरतात आणि शून्य अंशाच्या आसपास गार करून ठेवतात. मग न्हावाशेव्याहून रिकामा कंटेनर त्याला न्यायला येतो. एका कंटेनरात बारा-तेरा टन द्राक्षे मावतात. एखाद्या लहान बागाईतदाराचे अख्खे वर्षच त्या पेटीत बसते म्हणा ना! बोटीची वेळ ठरलेली असते, आणि बोट कोणासाठी थांबत नाही.

शीतगृह बांधणाराने ते हौसेने बांधले, पण गल्ली काही त्याला रुंद करता आली नाही. तिच्या एका अंगाला आमच्या शाळेचे कुंपण आणि दुसऱ्या अंगाला एका आजींच्या घराचा कोपरा. कंटेनरची रुंदी ८ फूट, गल्लीची १२. कागदावर हिशेब सुटतो. पण पेटी सरळ असते तोवरच तिला ८ फूट लागतात. ती तिरकी झाली की तिची भूक वाढते.

या गाडीचा पुढचा, इंजिनाचा भाग वेगळा असतो. त्याला ड्रायव्हर मंडळी 'घोडा' म्हणतात. मागचा लांबलचक ट्रेलर घोड्याच्या पाठीवर एका जाड खिळीत अडकवलेला असतो आणि त्या खिळीभोवती फिरतो. पुढे जाताना सारे सोपे. दोरीचे टोक धरून ओढले की दोरी आपोआप सरळ होते, तसेच हे. पण तीच दोरी ढकलून पाहा! मागे जाताना घोडा वरातीमागून येतो आणि वरातीला ढकलू लागतो. ट्रेलरची शेपटी डावीकडे न्यायची तर चाक उजवीकडे फिरवायचे. शेपटी वळली रे वळली की चाक उलट फिरवून घोड्याने तिच्या मागोमाग जायचे. तेवढी सवड चुकली तर बाक आपोआप वाढत जातो, आणि पाहता पाहता घोडा आणि ट्रेलर अडकित्त्यासारखे मिटू लागतात. मग पुढे घेऊन सारे सरळ करणे आणि पहिल्यापासून सुरुवात करणे, एवढेच हाती उरते.

माझ्या वडिलांनी बैलगाडीपुरता हा प्रश्न कायमचा सोडवला होता. गाडी गोठ्यात मागे घालायची वेळ आली की ते सरळ बैल सोडत आणि आम्हा भावंडांना जुवाला लावत. आम्ही पोरे गाडी बिनबोभाट आत ढकलत असू. ट्रॅक्टर आला आणि ही सोय गेली. ट्रॅक्टरची दोन चाकी ट्रॉली लहान म्हणून सोपी असेल असे वाटते. खरे म्हणजे तीच अधिक खट्याळ. लांब ट्रेलर सावकाश वळतो, चूक सुधारायला वेळ देतो. आखूड ट्रॉली हां हां म्हणता फिरते.

गेल्या मार्चमध्ये एक ट्रेलर सकाळी दहाच्या सुमारास आला. शाळा भरायची वेळ. गाडी गल्लीच्या तोंडापाशी आली, क्षणभर थांबली आणि चक्क पुढे निघून गेली. "पत्ता चुकला!" असे जमलेल्या मंडळींनी ठरवूनही टाकले. पण पंधरा मिनिटांनी ती उलट दिशेने परत आली. पुढच्या फाट्यावरून त्याने गाडी फिरवून आणली होती. कारण विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, गल्ली डाव्या हाताला पडत होती. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. शेपटी उजवीकडं वळली तर खिडकीतून डोळ्यांनी दिसते. डावीकडं वळली, की आरशावर भरवसा." बीडकडचा माणूस, पस्तिशीचा असेल. एकटाच होता.

"क्लीनर नाही?" मी विचारले.

"पूर्वी होता. पाठीमागं उभा राहायचा."

मी पुढे काही विचारले नाही. मुलांना मात्र लगेच कुंपणाच्या आत घेतले आणि फाटकाला कडी लावली.

एव्हाना गल्लीत दहा-बारा सल्लागार जमले होते. "येऊ दे, येऊ दे!", "डावी मार!", "अरे थांब, थांब!" एकाच वेळी तिन्ही हुकूम सुटत होते. ड्रायव्हरने इंजिन बंद केले, खाली उतरला, गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत पायांनी चालून आला आणि थेट आजींच्या ओट्यापाशी गेला. दोन वर्षांपूर्वी एका गाडीने त्यांच्या कोपऱ्याच्या विटा आणि पन्हाळ नेले होते. त्यामुळे त्या आधीच कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"आजी, तुम्ही सांगायचं. बाकी कोणी नाही."

"मला काय कळतंय बाबा गाडीतलं?"

"गाडीतलं मला कळतं. भिंत तुमची आहे, तुम्ही खोटं सांगायच्या नाहीत. फक्त पाठीमागं जायचं नाही. इथंच उभं राहून माझ्या आरशाकडं बघा. आरशात माझं तोंड दिसलं, तर तुम्ही मला दिसता. नाही दिसलं, तर तुम्ही मला नाहीतच."

आजींनी पदर खोचला. गाडी मागे येऊ लागली, माणूस चालेल त्याहूनही सावकाश. त्यांनी हात वर केला की ती थांबे. तीनदा तो पुढे घेऊन सरळ झाला आणि दोनदा उतरून पाहून आला. "याला जमत नाही वाटतं," असे कोणी पुटपुटले. उतरून पाहण्यात कमीपणा मानणारे ड्रायव्हर मी पाहिले आहेत. आजींचे पन्हाळ नेणारा त्यांतलाच. दारापासून काही हात अंतरावर थांबून त्याने कंटेनरची दारे उघडली आणि दोन्ही बाजूंना पार मागे वळवून अडकवली. गाडी दाराला लागल्यावर ती उघडायला जागाच उरत नाही. मग उरलेले अंतर. पेटी जराशी तिरकी लागली, तरी फट राहते आणि मार्चचे ऊन आत शिरते. फट राहिली नाही. कोपरा आणि पत्रा यांच्यामध्ये आजींनी आपला तळहात उभा धरून पाहिला. बसला.

माल भरेपर्यंत तो आजींच्या ओट्यावर चहा पीत बसला होता. त्याला शिकवणाऱ्या उस्तादाने पहिले कित्येक महिने त्याला फक्त शेवटचे दहा फूट दिले होते. गाडी सरळ करून द्यायची आणि म्हणायचे, आता लाव. ते साधले तेव्हा वीस फूट, आणि वळण सर्वांत शेवटी. हे ऐकून मला मौज वाटली. कारण १९९० च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी न्यूएन यांनी संगणकाला हेच काम शिकवले, तेही याच रीतीने. संगणकातला लुटुपुटीचा ट्रेलर आधी दाराजवळ ठेवला आणि जमत गेले तसतसा दूर नेला. हजारो वेळा चुकत चुकत तो शिकला. मॅट्रिकपलीकडे न गेलेला मी त्यातले गणित काय सांगणार! पण शिकवण्याचा क्रम मला कळला. आम्ही मात्र मुलांना पहिल्या पानापासून हाकतो आणि शेवटच्या पानापर्यंत पोचता पोचता परीक्षा येते. तेव्हापासून मी चौथीच्या वर्गाला लांबलचक भागाकार देताना शेवटची पायरी तेवढी रिकामी ठेवून फळ्यावर मांडतो. ती भरता आली की शेवटच्या दोन पुसतो. पोरांची कुरकुर कमी झाली आहे.

दुपारी माल भरून झाला, दारांना सील लागले. आता घोडा पुढे आणि वरात मागे. ज्या गल्लीत शिरायला पाऊण तास लागला होता, तीतून गाडी अर्ध्या मिनिटात बाहेर पडली. पाहायला कोणी थांबले नव्हते. आजी तेवढ्या ओट्यावर हात वर धरून उभ्या होत्या, आणि गाडी महामार्गाच्या दिशेला लागेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.